निवडणारा एक, भरणारा दुसरा

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली यांपैकी कोणत्याही औद्योगिक वसाहतीतला मध्यम आकाराचा कारखाना घ्या. तिथे शाफ्टचा व्यास वीस मायक्रॉनने चुकला तरी पार्ट रिजेक्ट होतो. नवे सीएनसी मशीन घ्यायचे तर मालक स्वतः जाऊन ट्रायल पाहतो, स्पिंडलला डायल लावून रनआउट तपासतो, आपलाच जॉब लावून सायकल टाइम मोजतो. साधा स्टीलचा बार आला तरी टेस्ट सर्टिफिकेटशिवाय गाडी खाली होत नाही. आणि हाच माणूस, आपल्या डिझाइन विभागातली आठ-दहा माणसे ज्यावर पुढची दहा-पंधरा वर्षे डोळे शिणवणार, ते कॅड सॉफ्टवेअर कसे निवडतो? शेजारच्या शेडमध्ये तेच चालते म्हणून. मोठ्या ग्राहकाकडे तेच आहे म्हणून. मार्चअखेरीस डीलरने दोन सीटवर तिसरी सवलतीत दिली म्हणून. किंवा, बोलायला अवघड असले तरी सांगायलाच हवे, कुणीतरी पेन ड्राइव्हवर फुकट आणून दिले म्हणून.

मोजल्याशिवाय पाऊल न टाकणारा माणूस नेमका याच ठिकाणी मोजपट्टी खाली ठेवतो. याला अज्ञान म्हणून सोडून देता येणार नाही. खरे कारण असे की इथे चूक झाली तर तिचा भुर्दंड त्याच्या टेबलावर येतच नाही. मशीन चुकीचे निघाले तर उत्पादन थांबते आणि मालकाची झोप उडते. सॉफ्टवेअर चुकीचे निघाले तर उत्पादन थांबत नाही. डिझाइनमधली मुले-मुली रात्री नऊपर्यंत बसतात, ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन पुरवठादाराकडे जाते, त्याचे कास्टिंग भंगारात जाते आणि महिनाअखेरीच्या बैठकीत 'डिझाइनवाले स्लो आहेत' असा शेरा मारून सगळे चहाला उठतात. निवडतो एक आणि भरतो दुसरा. म्हणून कॅडची निवड मला खरेदी खात्याची बाब वाटत नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे.

हा भुर्दंड एवढा मोठा का होतो, ते कळायला कॅडच्या पोटात थोडे डोकवावे लागेल. १९६३ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी एमआयटीत 'स्केचपॅड' करून दाखवले आणि माणूस संगणकाच्या पडद्यावर थेट रेषा काढू लागला. १९८२ च्या अखेरीस ऑटोकॅड आले आणि ड्रॉइंग बोर्ड पीसीवर चढला. तरीही ड्रॉइंग म्हणजे रेषाच होत्या. समोरून, वरून आणि बाजूने दिसणाऱ्या तीन चित्रांची एकमेकांशी ओळख नव्हती. एकात माप बदलले की उरलेल्या दोन्हींत हाताने बदलावे लागे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रो-इंजिनिअर आले आणि चक्र उलटे फिरले. तोवर आकार आधी आणि माप मागून येत असे; आता माप बदलले की आकारच बदलू लागला. १९९५ मध्ये सॉलिडवर्क्सने हीच रीत साध्या विंडोज पीसीवर आणली आणि ती लहान कारखान्यांच्या आवाक्यात आली.

अशा मॉडेलमध्ये नुसता आकार नसतो, तो घडवताना केलेला विचारही असतो. आधी फ्लँज, मग तिच्यावर बॉस, मग रिब, मग पीसीडीवर सहा भोके. भोकांची जागा कडेपासून धरायची की केंद्रापासून, भिंतीची जाडी वाढली तर रिबने काय करायचे, हे सगळे त्या फीचर ट्रीमध्ये नोंदलेले असते. वीस वर्षे काम केलेला डिझायनर निवृत्त होतो तेव्हा त्याच्या शहाणपणाचा मोठा भाग तिथेच मागे उरतो. आणि एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना नेमका तोच गळून पडतो. देवाणघेवाणीसाठी 'स्टेप' हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. आयएसओ १०३०३ या क्रमांकाने त्याचे पहिले भाग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून आकार जातो, पण तो कोणत्या क्रमाने आणि कोणत्या हेतूने घडला, हे सहसा जात नाही. पलीकडे उघडते ते 'डंब सॉलिड'. त्यातले भोक डोळ्यांना दिसते. पण त्याचा व्यास बदलायला गेले की कळते, सॉफ्टवेअरच्या लेखी ते भोक नाहीच, नुसता एक गोल पृष्ठभाग आहे. काही हजार मॉडेल्सची अशी गत झाली की ती पुन्हा उभी करण्यात माणसांचे महिनेच्या महिने जातात, आणि ते महिने कोणत्याही कोटेशनमध्ये लिहिलेले नसतात. डीलरबरोबर चहा घेता घेता केलेली सही पुढच्या दीड दशकाची वाट ठरवून जाते, ती अशी.

या सहीमागचा पहिला दोष प्रतिष्ठेचा. आपल्या औद्योगिक पट्ट्यात सॉफ्टवेअरची उतरंड पक्की झाली आहे. वर कॅटिया आणि एनएक्स, त्याखाली क्रिओ, मग सॉलिडवर्क्स, सॉलिड एज, इन्व्हेंटर, आणि तळाशी ऑटोकॅडवर टूडी काढणारा, ज्याला 'ड्राफ्ट्समन' म्हणताना बोलणाऱ्याचा सूर आपोआप बदलतो. ही उतरंड कुणीही मोजून लावलेली नाही. कॅटिया विमानांच्या कारखान्यात जन्मले आणि मोटारींच्या कारखान्यांत पसरले; गुंतागुंतीच्या वळणदार पृष्ठभागांसाठी त्याची ताकद खरीच आहे. पण शिरोलीतल्या फाउंड्रीला पंपाच्या केसिंगचा पॅटर्न करायचा असतो, त्यात ड्राफ्ट, मशीनिंग अलाउन्स आणि आकुंचन धरायचे असते. भोसरीत एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठीची खास यंत्रे, बनवणाऱ्याला हजार-दीड हजार पार्टांची असेंब्ली न अडखळता उघडायला हवी, वेल्डेड फ्रेम हवी आणि बीओएम, म्हणजे लागणाऱ्या सुट्या भागांची यादी, बिनचूक हवी. शीटमेटलवाल्याला बेंडचा हिशेब धरून उलगडलेला पत्रा हवा, जो डीएक्सएफ होऊन थेट लेसर कटिंगला जाईल. तिघांच्या गरजा तीन. तिघांनीही एकाच नावाकडे मान वर करून पाहावे, यात अभियांत्रिकी कुठे आहे?

उतरंड किती पोकळ आहे, हे ब्रोशरमध्ये न लिहिलेल्या एका गोष्टीवरून कळते. प्रत्येक कॅडच्या आत आकाराचे गणित करणारा एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. एनएक्स, सॉलिड एज, सॉलिडवर्क्स आणि ऑनशेप या चारही सॉफ्टवेअरचा कर्नल एकच, पॅरासॉलिड. त्याची मालकी सीमेन्सकडे. सॉलिडवर्क्स मात्र डसॉल्टचे आणि ऑनशेप पीटीसीचे. बाजारात एकमेकांच्या उरावर बसलेल्या तीन कंपन्या आतून एकाच गणितावर चालतात, आणि चाकणचा एखादा मालक त्यातल्या एका नावासाठी दुसऱ्याला हलके समजतो. कर्नलची ही माहिती निवडताना खरोखर कामाचीही असते. दोन्हीकडे कर्नल एक असेल तर पॅरासॉलिडच्या फाइलमधून आकार एकीकडून दुसरीकडे सहसा फट न पडता जातो. कर्नल वेगळा असेल तर पृष्ठभाग शिवत बसण्याची पाळी येऊ शकते. पण 'तुमचा कर्नल कोणता' हा प्रश्न विचारणारा खरेदीदार डीलरला क्वचितच भेटत असेल.

महाराष्ट्राने तरी या बाबतीत शहाणे असायला हवे होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर उद्योगात उतरण्याआधी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवत. १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या लोखंडी नांगराची गाठ पहिल्यांदा पडली ती एका समजुतीशी, की लोखंडाने जमीन नासते. त्याच कारखान्याच्या आवारातून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ते पुढे सुधारकी विचारांचे मोठे मासिक झाले. यंत्र आणि प्रबोधन या मातीत एकाच आवारात वाढले. लोखंडी नांगराला बिचकणाऱ्या त्या शेतकऱ्याला आपण अंधश्रद्ध म्हणतो. मग 'ओईएमकडे, म्हणजे मोठ्या ग्राहक कंपनीकडे, आहे तेच आपल्याकडे हवे' ही आपली श्रद्धा कोणत्या डोळ्यांनी पाहते? शेतकऱ्याच्या बाजूने निदान एवढे तरी म्हणता येते, की नांगर फसला असता तर हंगाम त्याचाच बुडणार होता. भरायचे स्वतःला होते, म्हणून तो बिचकला. आपल्याला भरायचे नसते, म्हणून आपण बिचकत नाही.

ग्राहकाचा आग्रह प्रत्येक वेळी खोटा असतो, असे मी म्हणणार नाही. करारातच लिहिले असेल की मूळ कॅटिया फाइल द्यावी लागेल, तर ती सोय करणे भाग आहे. पण त्या ग्राहकाचे काम एकूण कामाच्या किती आहे, ते मोजावे आणि तेवढ्याच सीट घ्याव्यात. एका ग्राहकाच्या अटीसाठी सबंध विभागाच्या गळ्यात महागडे आणि कामाला न शोभणारे साधन बांधणे म्हणजे ग्राहकसेवा नव्हे. आणि कित्येकदा ग्राहकाला स्टेप फाइल आणि सही केलेले पीडीएफ ड्रॉइंग पुरते. फक्त त्याला ते विचारण्याचे धैर्य कुणी केलेले नसते.

मोठ्यांचे अनुकरण करणाऱ्यांनी मोठ्यांच्या चुकाही वाचाव्यात. एअरबसचे ए३८० हे महाकाय विमान फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन आणि स्पेन अशा चार देशांत भागाभागाने बनत होते. जर्मनी आणि स्पेनमधले अभियंते कॅटियाच्या चौथ्या आवृत्तीवर काम करत होते. फ्रान्स आणि ब्रिटनमधले पाचव्या. नाव तेच, कंपनी तीच. पण दोन्ही आवृत्त्यांची घडण इतकी वेगळी होती की एकीकडचा बदल दुसरीकडे पुरता उतरत नसे. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर तारा. हॅम्बुर्गहून आलेल्या भागांतले हार्नेस तुलूझमध्ये जोडायला घेतले, तेव्हा ठिकठिकाणी तारा तोकड्या पडल्या. २००६ च्या जूनमध्ये विलंबाची बातमी फुटताच मूळ कंपनी ईएडीएसचा शेअर एका दिवसात पावपट घसरला. वरचे अधिकारी पायउतार झाले. ऑक्टोबरमध्ये कंपनीने सांगितले की २०१० पर्यंतच्या नफ्यात ४.८ अब्ज युरोंची घट येईल. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या ताब्यात गेले ते २००७ च्या ऑक्टोबरमध्ये.

या गोष्टीतून 'कॅटिया वाईट' असा धडा घेणे मूर्खपणाचे ठरेल. जगातली कितीतरी विमाने कॅटियावरच उभी राहिली आहेत. चूक होती ती सगळ्यांनी एका आवृत्तीवर येण्याचा निर्णय वेळेत न घेण्याची, आणि तो निर्णय वरच्या मजल्यावरचा होता. खाली काय झाले? हॅम्बुर्गचे कामगार तुलूझला जाऊन महिनोन्महिने विमानाच्या पोटात वाकून हाताने तारा बदलत राहिले. आपल्याकडच्या कारखान्यात आकडे लहान असतात, रचना हीच असते. तीन डिझायनर नव्या आवृत्तीवर, दोघे जुन्या. नव्यात जतन केलेली फाइल जुन्यात उघडत नाही. मग कुणीतरी स्टेपमधून पाठवते आणि रिव्हिजनचा धागा तुटतो. त्यावर उपाय करायला अब्जावधी युरो लागत नाहीत. सगळ्यांनी एकाच दिवशी आवृत्ती बदलायची, असा एका ओळीचा नियम लागतो.

दुसरा दोष चोरीचा. याला बाजारात 'क्रॅक' असे सौम्य नाव आहे, आणि 'सगळेच वापरतात' हे त्याचे ठरलेले समर्थन. कायदा स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ब सांगते की संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण माझा मुद्दा शिक्षेच्या भीतीचा नाही. ती क्रॅक प्रत संगणकावर चढवतो कोण? मालक नाही, व्यवस्थापक नाही. चढवतो तो सहा महिन्यांपूर्वी लागलेला ट्रेनी. कुणाच्या घरातला तो पहिलाच पदवीधर असतो. आई-वडिलांनी कर्ज काढून त्याला शिकवलेले असते. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आपण त्याला शिकवतो की अँटिव्हायरस बंद कर, इंटरनेटची तार काढ आणि ही फाइल त्या फोल्डरमध्ये टाक. नोटीस आली तर 'मुलांनी परस्पर टाकले' असे म्हणायलाही आपण मोकळे. म्हणजे इथेही निवडणारा एक आणि भरणारा दुसराच.

पुण्यात तर या चोरीला आणखी एक पदर आहे. डसॉल्ट, पीटीसी आणि सीमेन्स या तिन्ही कंपन्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करणारे मोठे अभियंतावर्ग पुण्यातच बसतात. ज्या प्रोग्रॅमची आपण भोसरीत चोरी करतो, त्याच्या एखाद्या भागावर हिंजवडीला जाणारी आपलीच भाची राबलेली असू शकते. उद्या आपल्या टूलरूममधून कुणी डायचे ड्रॉइंग पळवले आणि पलीकडच्या गल्लीत तशीच डाय बनवून विकली, तर आपण पोलिसांत जाऊ, असोसिएशनच्या बैठकीत तावातावाने बोलू. ड्रॉइंग ही बौद्धिक मालमत्ता आहे, हे तेव्हा आपल्याला नीट कळते. मग ज्यावर ते ड्रॉइंग काढले, तेही कुणाच्या तरी बुद्धीचे आहे, एवढे कळायला वेगळी बुद्धी लागत नाही.

'पण किमती परवडत नाहीत' ही तक्रार खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. डॉलर-युरोत विचार करणाऱ्या कंपन्या लावतात तो भाव इचलकरंजीच्या पाच माणसांच्या वर्कशॉपला जड जातोच. मात्र परवडत नाही, यावर चोरी हाच एक उपाय उरलेला नाही. डीडब्ल्यूजी फाइलवर काम करणारी ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड यांसारखी सॉफ्टवेअर आहेत. सॉलिड एजचे टूडी ड्राफ्टिंग विनामूल्य मिळते. फ्रीकॅड हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर १९९९ मध्ये खुल्या झालेल्या ओपन कॅस्केड या कर्नलवर उभे आहे. स्केचमध्ये मागे जाऊन काही बदलले की पुढच्या फीचर्सचे आधार विस्कटायचे, हे त्याचे जुने दुखणे २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या १.० आवृत्तीत बरेच आटोक्यात आले. फ्रीकॅड उद्या सकाळी सगळ्या विभागाला पुरेल, असे मी सांगणार नाही. मोठ्या असेंब्लीत ते अजून दमते आणि आसपास मदतीला माणूस सापडणे कठीण असते. पण जिग, फिक्श्चर, गेज आणि सुट्या पार्टांचे पुष्कळ काम त्यात सचोटीने होऊ शकते. दोन सीट विकतच्या आणि उरलेले काम मुक्त साधनावर, ही रचना चोरीच्या दहा सीटपेक्षा गरीब नाही.

इथे 'फुकट' आणि 'मुक्त' यांतला फरक मात्र ओळखायला हवा. ड्राफ्टसाइट हे टूडी सॉफ्टवेअर अनेक वर्षे फुकट मिळत होते. मग कंपनीने धोरण बदलले आणि फुकट प्रती २०१९ संपताच चालेनाशा झाल्या. फ्यूजन ३६० च्या वैयक्तिक वापराच्या मोफत परवान्यावर २०२० मध्ये दहा सक्रिय फाइलींची मर्यादा आली. कंपन्यांनी यात बेकायदा काही केले नाही. दिलेले दान परत घेण्याचा हक्क देणाऱ्याकडेच असतो. मुक्तस्रोतात तो हक्क कुणाकडेच नसतो, एकदा खुली झालेली आवृत्ती खुलीच राहते. ज्याच्यावर धंदा उभा करायचा, त्या साधनाबाबत हा भेद कोणत्याही सवलतीपेक्षा महत्त्वाचा आहे.

तिसरा दोष बेफिकिरीचा, आणि तो प्रामाणिक पैसे मोजणाऱ्यांतही आढळतो. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये बहुतेक उत्पादनांचे कायमचे परवाने विकणे बंद केले आणि वर्गणी सुरू केली. आता बाजाराचा मोठा भाग त्याच दिशेने सरकला आहे. वर्गणीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. एकरकमी मोठा खर्च टळतो, काम वाढले की सीट वाढवता येतात, नवी आवृत्ती आपोआप मिळते. पण एक प्रश्न करारावर सही करण्याआधी विचारलाच पाहिजे: ज्या वर्षी धंदा मंदावेल आणि वर्गणी भरता येणार नाही, त्या वर्षी मला माझीच ड्रॉइंग उघडून बदलता येतील का? उत्तर 'नाही' असेल, तर ड्रॉइंग माझी आणि किल्ली दुसऱ्याची, असा तो व्यवहार आहे. तो करायचा तर डोळसपणे करावा. प्रत्येक ड्रॉइंग रिलीज झाले की त्याची स्टेप, डीएक्सएफ आणि पीडीएफ प्रत कारखान्याच्या स्वतःच्या सर्व्हरवर ठेवण्याची शिस्त लावावी. क्लाउडवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरबाबत आणखी दोन प्रश्न: ग्राहकाच्या गोपनीयतेच्या करारात मॉडेल बाहेरच्या सर्व्हरवर ठेवायला परवानगी आहे का, आणि वसाहतीत इंटरनेट गेले तर विभाग हातावर हात धरून बसणार का? गुरुवारी वीज दुरुस्तीला जाते हे जनरेटर घेताना ज्यांना आठवते, त्यांना ते इथेही आठवावे.

मग निवड करायची कशी? जशी मशीनची करतो तशीच. डीलरने डेमोत दाखवलेली चकचकीत मोटरसायकल बाजूला ठेवा. गेल्या दोन वर्षांत ज्या जॉबने विभागाला सर्वांत जास्त छळले, तो जॉब काढा. दोन किंवा तीन सॉफ्टवेअरच्या चाचणी प्रती घ्या आणि तोच जॉब प्रत्येकावर करून पाहा. ग्राहकाकडून आलेली फाइल उघडताना पृष्ठभाग फाटतात का? ड्रॉइंग पूर्ण झाल्यावर ग्राहक शेवटच्या क्षणी एक माप बदलतो, तसे बदलून पाहा; मॉडेल, असेंब्ली, ड्रॉइंग आणि बीओएम चारही ठिकाणी बदल पोचतो की कुठे लाल खुणा उमटतात? फर्स्ट अँगल प्रोजेक्शन, टॉलरन्स आणि वेल्डची चिन्हे आपल्या मानकाप्रमाणे येतात का, की टेम्पलेट अमेरिकन थर्ड अँगलवर अडून बसते आणि पुरवठादार भोक उलट्या बाजूला पाडतो? दोघांनी एकाच वेळी एक पार्ट उघडला तर कुणाचे काम पुसले जाते? सर्वांत मोठी असेंब्ली उघडायला किती वेळ लागतो, हे सध्याच्या संगणकावर पाहा. डीलरच्या लॅपटॉपवर नको.

ही चाचणी कुणी करायची, यावर सगळे अवलंबून आहे. विभागप्रमुखाने एकट्याने नको. एक जुना डिझायनर, एक मधला आणि एक सर्वांत नवा, असे तिघे बसावेत. जुन्याला कामातले धोके माहीत असतात. नव्याला शिकायला किती दिवस लागले, त्यावरून पुढच्या भरतीचा खर्च कळतो. चौथा माणूस बाहेरचा असावा, आपले ड्रॉइंग ज्याच्याकडे जाते तो पॅटर्नवाला किंवा फॅब्रिकेटर. त्याच्याकडे फाइल पाठवा आणि विचारा, तुला ही उघडता येते का, यातून काम करता येते का. खर्चाचा कागदही पाच वर्षांचा मांडा. सीट, वार्षिक मेंटेनन्स, लागणारे संगणक, प्रशिक्षण, जुन्या मॉडेल्सचे स्थलांतर, आणि सुरुवातीला काम मंदावेल ते महिने, हे सगळे त्यात यावे. असा कागद मांडला की स्वस्त वाटलेले महाग आणि महाग वाटलेले स्वस्त निघण्याचे प्रसंग बरेच येतात.

प्रतिष्ठेच्या उतरंडीची सर्वांत मोठी झळ कुणाला लागते, तेही पाहावे लागेल. नोकरीच्या जाहिरातीत आपण लिहितो: 'अमुक सॉफ्टवेअरचा तीन वर्षांचा अनुभव आवश्यक.' लातूर, नांदेड, यवतमाळहून डिप्लोमा घेऊन आलेला मुलगा किंवा मुलगी मग पुण्यात खोली भाड्याने घेते, क्लासची फी भरते आणि बटणे पाठ करते. तिला प्रोजेक्शन कळते, सेक्शन काढता येतो, फिट आणि टॉलरन्स समजतात; पण आपण तिला विचारतो ते मेनूतले नाव. संस्थेने सॉफ्टवेअर अविचाराने निवडले, की त्याची फी अशी दारातच भरून घेतली जाते, तीही ज्याला अजून पगार सुरू झालेला नाही त्याच्याकडून. चांगल्या डिझायनरला नवे सॉफ्टवेअर काही आठवड्यांत हाताळता येते. भोकाचा डेटम कुठे धरावा, हे कळायला वर्षे लागतात. मुलाखतीत समोर एक पार्ट आणि कोरा कागद ठेवा, हाताने तीन व्ह्यू काढून मापे द्यायला सांगा, आणि सॉफ्टवेअर शिकवण्याचा खर्च संस्थेने उचलावा. ज्याने निवडले त्याने शिकवावे, हा साधा न्याय आहे.

यावर कुणी म्हणेल, आठ-दहा जणांच्या विभागासाठी एवढा खटाटोप कशाला, सॉफ्टवेअर शेवटी साधनच आहे. साधन आहे, म्हणूनच ते हातात धरणाऱ्याला विचारायचे. महाराष्ट्राच्या सुधारकांचा झगडा वेगवेगळ्या विषयांवर झाला, पण त्यांचा आक्षेप बहुधा एकच होता: ज्याच्या आयुष्यावर निर्णय होतो, त्याला त्या निर्णयात जागा नाही. हा आक्षेप त्यांनी घरात घेतला, देवळाच्या दारात घेतला, शाळेच्या पायरीवर घेतला. कारखान्याच्या डिझाइन विभागात तो घेणे आता आपल्याकडे आहे. सुरुवात लहान नियमाने होईल: चाचणी करणाऱ्या तिघांची लेखी पसंती असल्याशिवाय खरेदीच्या कागदावर सही होणार नाही, आणि जो सही करेल, त्याने आधी त्या सॉफ्टवेअरवर एक पार्ट स्वतः काढून, त्याला मापे देऊन, ते ड्रॉइंग टूलरूममध्ये आपल्या नावाने पाठवायचे. ते वाचून फिटरने जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तरही त्यानेच द्यायचे.